एअर रायफलला कोणता सुटा भाग बसेल, हे विकत घेण्याआधी कसं ठरवायचं

गेल्या महिन्यात कळव्याहून एक गृहस्थ मुलाची रायफल घेऊन रेंजवर आले. दहा मीटरची मॅच, म्हणजे स्पर्धेची, एअर रायफल, सेकंडहँड, पण आधीच्या मालकानं जिवापाड जपलेली. सोबत पुढच्या साइटच्या, म्हणजे नळीच्या टोकाशी नेम धरायला असलेल्या नळकांड्यात (टनेलमध्ये) बसणार्‍या, रिंगांचं पाकीट. "काका, या रिंगा टनेलमध्ये खुळखुळतात. कागदाची पट्टी लावून बसवता येतील का?" व्हर्नियर लावला. रिंगा 18 मिमीच्या, टनेल 22 मिमीचा. दुकानदारानं मोबाइलवर फोटो बघूनच "बसतील" म्हणून सांगितलं होतं, आणि आता पाकीट फोडलंय म्हणून परत घ्यायला तयार नव्हता. मुलाची स्पर्धा दहा दिवसांवर आलेली.

ठाण्यातल्या एका छोट्या रेंजवर मी बरीच वर्षं रायफलींची देखभाल करतो. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 साली कैरोला 10 मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला, हे आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोराला पाठ असतं. पण तुझ्या रायफलचा टनेल किती मिमीचा, असं विचारलं की पोरं आईवडिलांकडे बघतात आणि आईवडील माझ्याकडे. यात त्यांची चूक नाही. रायफल विकणारा हे सांगत नाही, आणि मॅन्युअल बहुतेक वेळा जर्मन नाहीतर इंग्रजीत असतं. म्हणून जे रोज तोंडी सांगतो ते एकदा लिहून काढतोय.

आधी कायद्याची रेघ

पोरं इंटरनेटवर बोल्ट ॲक्शन रायफलची नळी घरच्या गॅरेजमध्ये बदलतानाचे परदेशी व्हिडिओ बघून येतात. आपल्याकडे काडतुसाच्या रायफलीला, अगदी 0.22 च्या स्पोर्ट रायफलीलासुद्धा, शस्त्र कायदा 1959 लागू आहे. तिची दुरुस्ती आणि तिच्यात फेरफार करायला कलम 5 प्रमाणे वेगळा परवाना लागतो. म्हणजे ते परवानाधारक कारागिराचं काम. याला कायद्याइतकंच यांत्रिक कारणही आहे. बोल्टचं, म्हणजे काडतुसाला मागून अडवणार्‍या दांड्याचं, तोंड आणि काडतुसाचं बूड यांच्यातलं अंतर केसभर चुकलं, तर काडतूस आतच फुटतं, आणि तिथून हातभर अंतरावर तुमचा डोळा असतो.

एअर रायफलचं बरंचसं काम आपल्याला करता येतं, पण तिलाही हद्द आहे. आर्म्स रूल्स 2016 प्रमाणे नळीचा व्यास 4.5 मिमी, म्हणजे 0.177 इंचापेक्षा मोठा असेल, किंवा तोंडाशी ऊर्जा 20 ज्यूलच्या वर जात असेल, तर त्या एअर गनलाही परवाना लागतो. मॅच रायफल या हद्दीच्या खूप आत असते. 0.53 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 170 मीटरनं सुटला तर ऊर्जा होते साडेसात-आठ ज्यूल. पण स्प्रिंगच्या रायफलीत कोणी "पॉवरफुल" स्प्रिंग किंवा 0.22 ची नळी बसवून देतो म्हणाला, तर तो भाग तुमच्या रायफलीला बसला तरी तुमच्या कागदपत्रांना बसत नाही. तिथेच नमस्कार करून बाहेर पडा.

रायफलची कुंडली मांडा

एक शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर. फक्त "वाल्थर" किंवा "फाइनवेर्कबाऊ" लिहून भागत नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्ये दाबाच्या हवेचा सिलिंडर आणि दस्त्याचे भाग वेगळे असू शकतात, आणि कधी कधी एकाच मॉडेलच्या जुन्या-नव्या घडणीतही फरक पडतो. पार्ट मागवताना सीरियल नंबर दिलात, तर चांगला विक्रेता स्वतः तपासून सांगतो. जो सीरियल नंबर विचारत नाही त्याच्याकडून मी कधी काही घेत नाही.

मग मोजमापं. पुढच्या टनेलचा आतला व्यास, मागच्या साइटच्या रुळाची रुंदी, साइटखाली उंचवटे असतील तर त्यांची उंची, बटप्लेटच्या (खांद्याला टेकणार्‍या पट्टीच्या) भोकांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, सिलिंडरवर ठोकलेली तारीख. डिजिटल व्हर्नियर महाग असायची गरज नाही. मात्र वापरण्याआधी जबडे मिटवून तो शून्य दाखवतो का बघा, आणि प्रत्येक माप तीनदा घ्या. रायफल हातात घेताना सवय एकच: बोल्ट उघडा, नळीत छर्रा नाही हे बघा, सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण) आत घाला, मग बाकीचं. घरी असाल तरी.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा फरक: छर्रे

माझा आग्रह असा की सहा महिने दुसरं काहीही विकत घेऊ नका, आधी नळीला आवडणारा छर्रा शोधा. नळी बदलल्यानं मिळेल असं वाटणारं बहुतेक सगळं इथे एका डबीच्या किमतीत मिळतं.

डबीवर एक बारीक आकडा असतो: 4.49, 4.50, 4.51 किंवा 4.52. तो छर्‍याच्या डोक्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये. एकाच कंपनीचा, एकाच वजनाचा छर्रा वेगवेगळ्या डोक्यांत मिळतो, कारण कुठल्याही दोन नळ्या तंतोतंत सारख्या नसतात. डोकं लहान पडलं तर छर्रा नळीत डुगडुगत जातो, मोठं झालं तर सुरुवातीलाच घासून बिघडतो. बोटानं छर्रा बसवताना थोडा अंदाज येतो, पण बोटावर विसंबू नका, कागदावर बघा.

घ्यायचे ते सपाट तोंडाचे मॅच छर्रे. सपाट तोंड कागदात स्वच्छ गोल भोक पाडतं. टोकदार छर्रा कागद फाडतो आणि गुण मोजताना भांडण लागतं. वजनाचंही बघा. साधारण 0.53 ग्रॅमचे छर्रे रायफलसाठी म्हणून येतात आणि 0.45 च्या आसपासचे हलके मुख्यतः पिस्तुलासाठी. हलके रायफलीत चालतच नाहीत असं नाही, पण नव्यानं सुरुवात रायफलच्याच छर्‍यांनी करावी.

चाचणी अशी घ्या. रायफल वाळूच्या पिशवीवर किंवा क्लॅम्पमध्ये ठेवा, म्हणजे तुमचा हात हिशेबात येत नाही. छर्रा बदलला की पहिले पंधरा-वीस शॉट सोडून द्या, नळीला नव्या शिशाची सवय होऊ द्या. मग पाच-पाच शॉटचे तीन गट, प्रत्येक गट कोर्‍या कागदावर. गटाच्या सगळ्यात लांबच्या दोन भोकांचं बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि वहीत लिहा. भोक स्वतःच साडेचार मिमीचं, म्हणून गट 6 मिमीच्या आत आला तर छर्रा आणि नळीचं जमलं समजा. 8-9 मिमीचा गट वारंवार येत असेल तर पुढची डबी उघडा.

हे एवढं बारीक का करायचं? दहा मीटरच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ अवघं 0.5 मिमीचं आहे, आणि गुणांचा प्रत्येक दशांश म्हणजे 0.25 मिमी. छर्रा स्वतःहून एक मिलिमीटर बाहेर गेला तर तुमचा नेम अचूक असूनही 0.4 गुण गेले. स्पर्धेत असे 60 शॉट असतात.

गेल्या पावसाळ्यात एका मुलाची "खराब झालेली" रायफल माझ्याकडे आली होती. प्रशिक्षकांनी नळी बदलायला सांगितलं होतं, वडील कर्ज काढायच्या विचारात. तिच्यात 4.49 चे छर्रे वापरले जात होते. 4.50 ची डबी घातली आणि 9.4 चा गट 6.1 वर आला. पुढे त्याच डबीच्या लॉट नंबरच्या आणखी दहा डब्या त्यांनी एकदम घेतल्या. हे तुम्हीही करा. लॉट बदलला की छर्रा थोडा बदलतो, त्यामुळे चांगला लॉट सापडला की तो पुरेसा साठवून ठेवावा. डबी उघडल्यावर वाकलेल्या परकराचे, म्हणजे मागच्या पोकळ घेराचे, छर्रे बाजूला काढा, आणि हाताळून झालं की साबणानं हात धुवा. शिसं आहे ते, आणि मुलांचे हात लगेच वडापावकडे जातात.

साइट: पुढची, मागची आणि मधली उंची

कळव्याच्या गृहस्थांची अडचण सगळ्यांत जास्त वेळा येते. पुढच्या साइटचे टनेल मुख्यतः दोन मापांचे, एम18 आणि एम22, आणि रिंगाही त्याच मापाच्या लागतात. टनेल रायफलला कसा धरतो तेही बघा: काही रुळावर सरकतात, काही नळीवरच्या आवरणाला गोल आवळतात. गोल आवळणारा असेल तर आवरणाचा बाहेरचा व्यास वहीत हवा.

रिंगेच्या आतल्या भोकाचं माप वेगळं. लक्ष्याचा काळा गोळा 30.5 मिमीचा असतो आणि रिंगेतून बघताना त्याच्याभोवती पांढरी कड दिसायला हवी. नवीन माणसानं 4.2 मिमीच्या आसपास सुरुवात करावी. मुलं लहान रिंग घेतात, वाटतं की घट्ट दिसलं म्हणजे अचूक. होतं उलटं: पांढरी कड इतकी बारीक होते की डोळा ताणला जातो, आणि विसाव्या शॉटनंतर गोळा तरंगायला लागतो.

मागची साइट, जिला आपण डायोप्टर किंवा पीप म्हणतो, ती मॅच रायफलीवर 11 मिमीच्या रुळावर बसते. पिकॅटिनी म्हणून जो रूळ विकतात तो रुंदीला जवळजवळ दुप्पट, त्यामुळे त्याची साइट इथे येत नाही. स्वस्त स्प्रिंग रायफलींच्या खाचांचा कोनही कधी कधी वेगळा असतो. साइट वरून बसलेली दिसते आणि दहा शॉटनंतर मागे सरकलेली सापडते. अशा वेळी स्क्रू आणखी आवळू नका, रूळ चिरडतो. आणि दुर्बीण दहा मीटरच्या स्पर्धेत चालतच नाही, तेव्हा त्यावर पैसे घालू नका.

आता उंची. नववीतली एक मुलगी, मान लांब, गाल दस्त्यावर टेकवताना डोकं वाकायचं. कोणीतरी सल्ला दिला म्हणून तिनं मागच्या साइटखाली 4 मिमीचा उंचवटा बसवला. दुसर्‍या दिवशी एकही छर्रा लक्ष्यावर नाही. रडवेली झाली, नळी वाकली म्हणाली. हिशेब साधा होता. दोन साइटमधलं अंतर 75 सेंमी. मागची 4 मिमी वर गेली, तर दहा मीटरवर छर्रा सुमारे 53 मिमी वर जातो, आणि अख्खं लक्ष्य 45.5 मिमी व्यासाचं. पुढच्या साइटखाली तसाच 4 मिमीचा उंचवटा लावला आणि सगळं जागेवर आलं. तिची मानही सरळ झाली. उंचवटे नेहमी जोडीनं घ्या, एकाच उंचीचे.

सिलिंडर, ओ-रिंगा आणि आपला पावसाळा

दाबाच्या हवेवर चालणार्‍या रायफलीत चूक झाली तर किंमत पैशापेक्षा मोठी असते, म्हणून इथे मी कठोर आहे. मॅच रायफलचा सिलिंडर साधारण 200 बारला भरतात. मोटारीच्या टायरमध्ये दोन-अडीच बार असतात, त्यावरून अंदाज घ्या. सिलिंडर त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलसाठी म्हणून दिलेला घ्यायचा. आट्या फिरतायत म्हणजे जुळल्या असं नाही. दोन-तीन आट्यांवर धरलेला सिलिंडर भरताना सुटू शकतो. लेथवर आट्या पाडून जोडणी करून देतो असं वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मला सांगितलं होतं. तिथला कारागीर हाताचा उत्तम होता, तरी नाही म्हणालो.

सिलिंडरवरची तारीख वाचा. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे त्याचं आयुष्य जास्तीत जास्त दहा वर्षं, आणि ती तपासायची जबाबदारी नेमबाजाची. सेकंडहँड रायफलीचा भाव करताना हेच पहिलं बघा: आठ वर्षांचा सिलिंडर म्हणजे दोन वर्षांत नवा घ्यायचा खर्च. भरायला फक्त कोरडी, स्वच्छ हवा. ऑक्सिजन कधीही नाही, आतल्या तेलकटपणाला तो पेट देतो.

आणि ओल. जून ते सप्टेंबर ठाणे-नवी मुंबईच्या हवेत पाणीच असतं. हातपंपानं सिलिंडर भरलात तर ते पाणी दाबाबरोबर आत जातं आणि आतून गंज धरतो. एका वर्षी खाडीजवळ राहणार्‍या मुलाचा सिलिंडर मी उघडला, व्हॉल्व्हच्या तोंडाशी तपकिरी चिखल. पंपाला ओल धरणारा फिल्टर लावा, तो पावसाळ्यात वेळच्या वेळी बदला, किंवा सरळ क्लबच्या मोठ्या टाकीवरून भरून घ्या. टाकीच्या जोडणीतही जात असते: 200 बारच्या डिन (जर्मन मानकाच्या) जोडणीला पाच आट्या, 300 च्या जोडणीला सात. आपल्याकडे कोणती, ते वहीत लिहा.

ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारं रबरी कडं, दोन मापांनी ओळखतात, आतला व्यास आणि दोर्‍याची जाडी. घोटाळा जाडीत होतो. इंचाच्या मापातली 1.78 मिमीची रिंग आणि मेट्रिक 2 मिमीची रिंग तळहातावर शेजारी ठेवा, फरक ओळखू येत नाही. पण 1.78 च्या खाचेत 2 ची दाबली की ती फुगते, कापली जाते आणि हवा गळते. जुनी रिंग दाबानं चपटी झालेली असते, म्हणून तिचं माप घेऊन जाऊ नका, खाचेचं घ्या किंवा कंपनीच्या तक्त्यातला आकडा. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर रिंगा सुट्या मिळतात. नुसतं माप सांगून थांबू नका, रबर कोणतं आणि कडकपणा किती शोर हेही विचारा. वंगण सिलिकॉनचं, अगदी बोटाच्या टोकाएवढं. शिलाई मशीनचं तेल दाबाच्या भागात नको. रेग्युलेटर, म्हणजे दाब एकसारखा ठेवणारा भाग, मात्र उघडू नका, तो जाणत्या तंत्रज्ञाकडे द्या, आणि कुठलाही स्क्रू फिरवायच्या आधी सिलिंडर काढून उरलेली हवा मोकळी करा.

दस्ता, बटप्लेट, वजनं

हे थोडक्यात, कारण भोकांचं अंतर जुळलं की बहुतेक काम झालं. चीकपीस (गाल टेकायचा भाग) आणि बटप्लेट मॉडेलप्रमाणेच घ्या. खांद्यात अडकणारा हुक दहा मीटरला चालत नाही, तो पन्नास मीटरचा. वजनं लावलीत तर साइटसकट रायफल 5.5 किलोच्या वर जाता कामा नये, आणि नळीच्या पुढे लांबी वाढवणारी नळकांडी लावलीत तर मागच्या यंत्रणेपासून तोंडापर्यंत 850 मिमीची मर्यादा आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला वजनं लावूच नका, पाठ धरते. दस्ता बदललात तर आतले मुख्य स्क्रू मॅन्युअलमधल्या जोरानंच आवळा, टॉर्क रेंच क्लबमध्ये कोणाकडे तरी असतोच.

आणि नळीच बदलायची असेल तर

वर्षानुवर्षं वापरलेली, गंजलेली किंवा चुकीच्या ब्रशनं घासून आतल्या पेचदार खाचा खराब झालेली नळी खरंच बदलावी लागते. मॅच रायफलची असेल तर ती कंपनीच्या सेवा केंद्राकडे. हवेचा मार्ग, छर्रा ढकलणारी दांडी आणि मागची सील यांचा मध्य एका रेषेत यावा लागतो, आणि ते घरी नीट तपासता येत नाही.

मोडून भरायच्या साध्या स्प्रिंग रायफलीत नळी सुटी मिळते, तेव्हा पाच गोष्टी जुळवा: व्यास 4.5 मिमीच, बिजागरीच्या बोल्टाचं भोक, मागच्या ठोकळ्याची रुंदी, स्प्रिंग ओढणारी कडी जिथे अडकते ती जागा, आणि मागच्या सीलची जाडी. सील अर्धा मिलिमीटर जास्त उंच असली तर नळी पूर्ण मिटत नाही. कमी असली तर हवा मागे फुसकते. तपासायचा सोपा मार्ग असा: टिश्यू पेपरची पट्टी नळीच्या सांध्यावर धरा, तोंड रेंजकडे ठेवून एक शॉट मारा. कागद हलला तर सील गळतेय. सीलखाली कागदी चकत्या घालून उंची हळूहळू वाढवत न्या, एका वेळी एकच. जुन्या रायफलीत चामडी वॉशर असेल तर त्याला थोडं तेल लागतं, प्लास्टिकच्या सीलला ते लावू नका. छर्रा न घालता स्प्रिंग रायफल सोडू नका, पिस्टन पुढे जाऊन धातूवर आदळतो. आणि ताणलेली स्प्रिंग हातानं सोडवायचा प्रयत्न तर मुळीच नको, त्यासाठी दाबयंत्र लागतं. ते नसेल तर रायफल तशीच कारागिराकडे न्या.

खरेदीला निघताना

वही बरोबर घ्या. जमलं तर रायफलही, बंद केसमध्ये, सेफ्टी फ्लॅग घालून, बिलाची प्रत आणि क्लबचं ओळखपत्र खिशात. ट्रान्स हार्बर लोकलला गर्दीच्या वेळी नेऊ नका. केसला धक्का लागला की साइट हलते आणि शेजारच्याला विनाकारण काळजी. विकत घेण्याआधी भाग वापरून बघता आला तर उत्तम. नवीन पनवेलला सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे, ठाण्यातही रेंज आहेत; जिथे सराव करता तिथल्या मोठ्या मुलांना विचारा, बहुतेक जण आपली रिंग किंवा बटप्लेट पाच मिनिटांसाठी आनंदानं देतात. दुकानात पैसे देण्याआधी बिलावर "न बसल्यास परत" असं लिहून घ्या आणि पाकीट फोडण्याआधी पारदर्शक बाजूनं व्हर्नियर लावून बघा.

एका वेळी एकच भाग बदला आणि मधे निदान दोनशे शॉट जाऊ द्या. छर्रा, रिंग आणि बटप्लेट एकाच रविवारी बदलली, तर गुण वाढले किंवा घसरले ते कशामुळे, हे वहीलाही सांगता येणार नाही. कळव्याच्या मुलाला आम्ही क्लबच्या डब्यातली 22 मिमीची, 4.2 ची रिंग स्पर्धेपुरती दिली. परत आणून देताना त्यानं वहीचं पहिलं पान दाखवलं, सीरियल नंबरपासून सिलिंडरच्या तारखेपर्यंत सगळं भरलेलं. सिलिंडरची मुदत पुढच्या मार्चला संपते, हे तेव्हा त्याच्या वडिलांना पहिल्यांदा कळलं.